वाचकांचे प्रश्न : देवाने आधीच निवडलं असेल, तर आपण काय करायचं?

गेल्या अंकात बायबलच्या नव्या करारातल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर टिपण छापलं होतं. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बहुतेक पत्रं एकाच शब्दाभोवती फिरतात: निवड, म्हणजे देव तारणासाठी माणसांना आधीच निवडतो ही शिकवण. काही कॅथलिक घरांतली आहेत, काही सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळ्यांतली, एक हिंदू वाचकाचं आहे. त्यांतली सहा इथे घेतली आहेत, प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रभूमध्ये सलाम. ऐरोलीत आमची घरगुती बायबल स्टडी असते, बारा-तेरा जण येतात. रोमकरांस ९ ला पोहोचलो आणि दोन तट पडले. 'याकोबावर प्रीती, एसावाचा द्वेष', तेही जन्मायच्या आधी! एक गट म्हणतो सगळं ठरलेलंच आहे. दुसरा म्हणतो, मग प्रार्थना तरी कशाला करायची? तीन आठवडे आम्ही तिथेच आहोत.

अध्याय सुटा काढून वाचला की असंच होतं. पौलाने अध्याय पाडले नव्हते, ते आकडे तेराव्या शतकातले. ९, १० आणि ११ हा एक सलग युक्तिवाद आहे: ३३, २१ आणि ३६ मिळून ९० वचनं. पुढच्या बैठकीत चर्चा अजिबात करू नका. ८:२८ पासून ११:३६ पर्यंत एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी एवढंच लिहावं की पौलासमोर प्रश्न कोणता आहे. उत्तर ९:६ मध्ये सापडेल. इस्राएलातल्या बहुतेकांनी मसीहाला स्वीकारलं नाही, मग देवाचं वचन फसलं का? या प्रश्नाचं ओझं घेऊन तो लिहितो आहे. 'शेजारचा माणूस स्वर्गात जाणार का' हा प्रश्न तिथे नाहीच.

दुसऱ्या बैठकीत मूळ जागा उघडा. ९:१२ हे उत्पत्ती २५:२३ मधून आलं आहे. तिथे या जुळ्यांच्या आईला, रिबकेला, सांगितलंय की तुझ्या उदरात दोन राष्ट्रं आहेत. ९:१३ मलाखी १:२-३ मधून घेतलंय, म्हणजे एसाव जाऊन कितीतरी शतकं लोटल्यावर, त्याच्या वंशातल्या अदोम राष्ट्राबद्दल. 'द्वेष' हा शब्द इब्री बोलीत 'दुसऱ्याला डावलणं' या अर्थानेही येतो. उत्पत्ती २९:३०-३१ मध्ये याकोबाची राहेलीवर अधिक प्रीती असते आणि लगेच तिची सवत लेआ 'नावडती' ठरते, तिथे मूळ शब्द हाच आहे.

पण इथे घाईने सुटकेचा श्वास टाकू नका. 'हे फक्त राष्ट्रांबद्दल आहे, माणसांबद्दल नाही' असं म्हणणाऱ्यांना ९:१९ अडवतं. तिथला आक्षेपक विचारतो, मग देव दोष तरी का लावतो? म्हणजे तुमच्या गटाचाच प्रश्न. पौलाला नुसती राष्ट्रं म्हणायची असती तर हा प्रश्न उठलाच नसता. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेचं हे म्हणणं वजनदार आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं.

तिसऱ्या बैठकीला ९:२२-२३ मधली भांडी हातात घ्या. दयेची भांडी देवाने स्वतः आधीपासून तयार केली असं स्पष्ट म्हटलंय. कोपाची भांडी मात्र 'नाशासाठी तयार झालेली' आहेत. कोणी तयार केली, ते वाक्य सांगत नाही. ही उघड असमानता आहे. मिसरच्या राजाचं, फारोचंही तसंच. निर्गम ७:३ मध्ये देव म्हणतो मी त्याचं मन कठीण करीन. ८:१५, ८:३२ आणि ९:३४ मध्ये फारो स्वतःच आपलं मन कठीण करतो. ९:१२ मध्ये ते परमेश्वराने केल्याचं लिहिलंय. दोन्ही तटांना आपापली वचनं मिळतील आणि दोघांनाही समोरच्याची वचनं वाचावी लागतील.

प्रार्थनेचं उत्तर चौथ्या बैठकीत आहे. नवव्या अध्यायाची शाई वाळायच्या आत, दहाव्याच्या पहिल्याच वचनात पौल स्वतः इस्राएलाच्या तारणासाठी प्रार्थना करतो. त्याला त्यात विसंगती दिसत नाही. १०:१४ मध्ये तो विचारतो की कोणी सांगितल्यावाचून ते ऐकतील कसे. देवाने शेवट ठरवला असेल, तर त्याकडे नेणारी वाटही ठरवली आहे आणि त्या वाटेवर आपली प्रार्थना येते. पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनपासून कॅल्व्हिनपर्यंत अनेकांनी हेच उत्तर दिलं.

एक धोका सांगून ठेवतो. कोणीतरी नेटवरून कॅल्व्हिनवादाच्या 'पाच मुद्द्यांचा' कागद छापून आणतं आणि मग प्रत्येक वचन त्या पाच खणांत कोंबलं जातं. कॅल्व्हिनच्या निवडीच्या शिकवणीवर आक्षेप घेणारा डच ईशज्ञानी अर्मिनियस १६०९ मध्ये वारल्यावर त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली. हॉलंडमधल्या डोर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) त्यांना उत्तर दिलं, म्हणून मुद्दे पाच. ती एका वादातली उत्तरपत्रिका आहे, सगळ्या विश्वासाचा आराखडा नव्हे. मूळ निर्णयांत तर तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्रच आहे. तो कागद पाचव्या बैठकीपर्यंत पिशवीत राहू द्या.

मी खारघरला राहते. मुलगा चोवीस वर्षांचा. नोकरी लागल्यापासून चर्चला येणं बंद. आमच्या मंडळीतले एक ज्येष्ठ मला म्हणाले, 'तो निवडलेल्यांत नसेल, मनाला लावून घेऊ नका.' तेव्हापासून झोप नाही. हे कोणाला कळू शकतं का?

ताई, नाही. कोणालाही कळू शकत नाही, आणि असं बोलण्याची मुभा कोणत्याच मोठ्या ख्रिस्ती परंपरेने दिलेली नाही. पूर्वनियोजन, म्हणजे देवाने आधीच नेमणं, सगळ्यांत कडक शब्दांत मांडणाऱ्यांनीही नाही.

कॅल्व्हिनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत हा विषय तिसऱ्या भागात, २१ ते २४ या अध्यायांत ठेवला. त्याआधी विश्वास, पश्चात्ताप आणि प्रार्थनेवरचा लांबलचक विसावा अध्याय येतो. ही जागा बोलकी आहे. आधी कृपा अनुभवायची, मग मागे वळून म्हणायचं की हे माझ्यापासून सुरू झालं नव्हतं. सुरुवातीलाच तो बजावतो की कुतूहलाने इथे शिरणारा भुलभुलैयात अडकेल. आपली निवड पाहायचा आरसा ख्रिस्त आहे, असंही तो सांगतो. दुसऱ्याची निवड पाहायचा आरसा त्याने कुठे दिलेला नाही.

डोर्टच्या धर्मसभेने याच प्रसंगासाठी लिहून ठेवलंय: ज्यांना अजून पाचारण झालेलं नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि त्यांच्यापुढे मान ताठ करून वागू नये. ऑगस्टीन म्हणतो की नेमलेल्यांच्या संख्येत कोण आहे आणि कोण नाही हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांचं तारण व्हावं अशीच आपली ओढ असली पाहिजे. कॅथलिक बाजूला ५२९ मधल्या ओरांजच्या सभेने कोणी वाईटासाठी नेमलेला आहे ही शिकवण धिक्कारली. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या महासभेने सांगितलं की देवाने कोणाला निवडलं हे खास प्रकटीकरणावाचून कळत नाही. तेव्हा त्या ज्येष्ठांनी जे म्हटलं ते कोणत्याच घरात बसत नाही. त्यांचा हेतू धीर देण्याचा असेल, पण बोलणं चुकीचं आहे. पाळकांच्या कानावर घाला. दुसऱ्या आईला ते ऐकावं लागू नये.

आणि हे ध्यानात असू द्या. निवडीची शिकवण ज्याने सगळ्यात खोल मांडली तो ऑगस्टीन स्वतः असाच मुलगा होता. आईच्या विश्वासापासून दूर गेला, सुमारे नऊ वर्षं मानी नावाच्या गुरूच्या पंथात राहिला. ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोझकडून त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. त्याची आई मोनिका त्याच वर्षी वारली. चोविसाव्या वर्षी कोणी त्याच्याबद्दल निकाल दिला असता तर तो काय दिला असता?

मुलासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा. व्हॉट्सॲपवर वचनं पाठवणं थोडं थांबवा. चोवीस वर्षांचा मुलगा ती उघडत नाही आणि आईचे बाकीचे मेसेजही मग उघडायचा बंद होतो. चर्चला का येत नाहीस, हे एकदा विचारा आणि उत्तर ऐकून त्या दिवशी काहीच बोलू नका. कारण पुष्कळदा देवाशी नसतं, मंडळीतल्या एखाद्या माणसाशी असतं.

मी हिंदू आहे, कोपरखैरण्याला राहतो. आमच्याकडे बाळाच्या सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन नशीब लिहून जाते. तुमचं पूर्वनियोजन म्हणजे हेच ना?

दिसायला जवळ, आतून बरंच वेगळं. सटवाई आयुष्य किती, लग्न कोणाशी, पैसा किती, असं सगळं लिहिते. नव्या करारात 'आधी नेमणं' हे मूळ ग्रीक क्रियापद फक्त सहा वेळा येतं, आणि त्यात कोणाच्या लग्नाचा, नोकरीचा किंवा वयाचा एकदाही उल्लेख नाही. ते ख्रिस्ताच्या क्रुसाबद्दल आणि माणसाच्या तारणाबद्दल आहे. प्राक्तनाशी तर उलटच नातं आहे. प्राक्तन म्हणजे मागच्या कर्मांचा हिशेब. पौल रोमकरांस ९:११ मध्ये आवर्जून सांगतो की मुलांनी बरंवाईट काहीच केलेलं नव्हतं. हिशेब नाही, म्हणून तर त्याला कृपा म्हणायचं.

या कृपेची एक खूण मराठीत फार सुंदर उतरते. इफिसकरांस २:८ चा आशय असा: कृपेने, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं, आणि हे तुमच्याकडून नाही, देवाचं दान आहे. 'कृपा' स्त्रीलिंगी, 'विश्वास' पुल्लिंगी, मग 'हे' कोणाला लागतं? या दोन्हींपैकी एकालाही नाही. झालेल्या सगळ्या गोष्टीला लागतं. ग्रीकमध्येही नेमकं असंच आहे: कृपा आणि विश्वास दोन्ही स्त्रीलिंगी, आणि 'हे' नपुंसकलिंगी. म्हणजे तारण, त्यातली कृपा आणि तो धरणारा विश्वास, सगळं मिळून दान.

वाशीतल्या एका रुग्णालयात मी नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे, मी सी.एन.आय.ची. रात्री दोनला एक कॅथलिक जोडपं म्हणालं, फादर येईपर्यंत बाळ राहणार नाही, तुम्ही बाप्तिस्मा द्या. मी घाबरून दिला नाही. मला अधिकार होता का? आणि बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळाचं काय?

आधी दुसरं, कारण तेच तुम्हाला टोचतंय. त्या बाळाचं तारण तुमच्या हातून निसटलं असं मुळीच समजू नका. ऑगस्टीनने या बाळांबद्दल कठोर मत दिलं होतं हे खरं, आणि ते सौम्य करायला मध्ययुगात 'लिंबो'ची कल्पना आली. पण ती कॅथलिक धर्मसिद्धान्त कधीच नव्हती. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलं आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने पोपच्या संमतीने प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं म्हटलं. तुमच्या प्रोटेस्टंट बाजूला, डोर्टने सांगितलं की तान्हेपणी गेलेल्या बाळाच्या निवडीबद्दल भाविक आईबापांनी शंका बाळगू नये. सुइणींनी घाईघाईत बाप्तिस्मा देण्याला कॅल्व्हिनचा विरोध होता तो याच कारणाने: वचन पाण्याच्या आधी पोहोचलेलं असतं. निवडीची शिकवण एरवी किती भीती घालते, पण या पाळण्याजवळ तिच्यासारखा दिलासा नाही. बाळ काही करू शकत नव्हतं. सगळं देवानेच करायचं होतं.

आता अधिकार. कॅथलिक नियमानुसार प्राणावर बेतलं असताना कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, दुसऱ्या पंथाची व्यक्ती किंवा बाप्तिस्मा न झालेली सुद्धा. चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू असला म्हणजे झालं. पुन्हा कधी आई किंवा वडिलांनी असं मागितलं, तर असं करा. डॉक्टरांना विचारा. बाळाला इन्क्युबेटरबाहेर काढू नका. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये दोनेक मिली कोमट निर्जंतुक पाणी घ्या. गार पाण्याने कमी दिवसांच्या बाळाच्या अंगातली ऊब पटकन जाते. टोपी किंवा नळ्या असतील तर उघड्या कपाळावर तीनदा थोडं थोडं सोडा आणि सोडतानाच म्हणा: 'मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.' नाव ठेवलेलं असेल तर आधी घ्या, नसेल तरी चालतं. मग लगेच टिपून घ्या.

चुका तीन ठिकाणी होतात. ओल्या कापसाने नुसतं पुसलं जातं. पाणी त्वचेवरून वाहायला हवं. एक जण पाणी ओततो आणि दुसरा शब्द म्हणतो. दोन्ही एकाच व्यक्तीने करायचं. आणि भावनेच्या भरात 'आम्ही तुला' म्हटलं जातं. 'आम्ही' म्हणून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असं रोमने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. 'मी'च हवं. तारीख, वेळ, आईवडिलांची नावं, तुमचं नाव आणि एका साक्षीदाराचं नाव लिहून त्या भागातल्या पॅरिशला (स्थानिक कॅथलिक चर्चला) कळवा. तिथे नोंद होते. बाळ वाचलं तर पुढे चर्चमध्ये तैलाभ्यंग वगैरे उरलेले विधी करतात, पाणी पुन्हा घालत नाहीत. आणि बाळ गेलेलं असेल तर बाप्तिस्मा देऊ नये, संस्कार जिवंतांसाठी असतात. प्रार्थना करा, नाव घ्या. बाप्तिस्मा द्यायचा आईवडिलांचा विचार होता एवढ्यावरही बिशपांच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी मिळतो; हे त्या जोडप्याला सांगणारं कोणी असेलच असं नाही, तुम्ही सांगा.

आमची मुलगी कॅथलिक, आम्ही ठाण्यात चरईला राहतो. मुलगा कळव्याचा, सी.एन.आय.चा. बोलणी करताना त्यांच्याकडचे म्हणाले, 'तुमच्यात कर्मांनी तारण, आमच्यात कृपेने.' आमच्याकडचे म्हणाले, 'तुमच्यात विश्वास ठेवला की वाटेल ते करा.' हे खरं आहे का?

दोन्ही वाक्यं चूक. ट्रेंटच्या महासभेने १३ जानेवारी १५४७ ला याविषयीचा निर्णय दिला, त्याचं पहिलंच कलम सांगतं की कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणारा धिक्कारला जावो. आणि इफिसकरांस २:८-९ पाठ असलेल्या प्रोटेस्टंट माणसाने दहावं वचनही वाचावं: सत्कृत्यं करण्यासाठीच आपण घडवलेले आहोत.

खरा फरक आहे तो इथे. ट्रेंटच्या मते कृपा आधी येते, पण माणूस ती नाकारू शकतो, तिच्याशी सहकार्य करू शकतो, तिच्यात वाढू शकतो आणि गंभीर पापाने ती गमावूही शकतो. म्हणून पापनिवेदनाचा संस्कार. प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांच्या मते नीतिमान ठरणं हा देवाने ख्रिस्तामुळे एकदा दिलेला निवाडा आहे, जीवनातली वाढ त्याच्या मागून येते. बाकी, 'माणसाला ती नाकारता येते का' या प्रश्नावर खुद्द प्रोटेस्टंटांतही एकमत नाही. सी.एन.आय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली तेव्हा तिच्यात प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल धारा आली, जी कॅल्व्हिनकडून निघते, आणि मेथडिस्टांची एक धाराही आली. मेथडिझमचा प्रणेता जॉन वेस्ली कॅल्व्हिनच्या निवडीला कडाडून विरोध करत होता. कृपा सगळ्यांकडे आधीच पोहोचते आणि माणूस तिला हो किंवा नाही म्हणू शकतो, असं तो शिकवी. कळव्याच्या घरात यांतली कोणती धारा आहे, ते एकदा विचारून पाहा.

३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन यांनी संयुक्त घोषणा केली की आपल्या कोणत्याही लायकीने नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि कॅल्व्हिनच्या वाटेच्या मंडळ्यांचा जागतिक संघ २०१७ मध्ये तिच्यात सामील झाला. निवडीचा प्रश्न त्या घोषणेने सोडवलेला नाही, पण लग्नाच्या बैठकीत 'तुमच्यात कर्मांनी' म्हणायला आता जागा उरलेली नाही.

कामाचं तेवढं सांगतो. मिश्र विवाहाला बिशपांची लेखी परवानगी लागते, ती पॅरिश प्रीस्टमार्फत मागायची. मुलं कॅथलिक विश्वासात वाढवायला शक्य तितका प्रयत्न करीन, असं वचन मुलीने द्यायचं असतं. मुलाला ते कळवतात, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. तारीख ठरवण्याआधी या एका मुद्द्यावर दोन्ही घरांत सरळ बोलणं होऊ द्या. मुलाचा बाप्तिस्मा पाण्याने, त्रैक्याच्या नावाने झालेला असेल तर तो मानला जातो, पुन्हा होत नाही. त्याचा दाखला त्याच्या मंडळीच्या रजिस्टरमधून काढून ठेवा.

१३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्याशांना मारलं गेलं. त्यांना जायचं होतं कोल्लमला, वाऱ्याने जहाज इथे आणलं असं वाचलं. मग त्यांचं मरण देवानेच नेमलं होतं का? आणि तसं असेल तर मारणाऱ्यांचा दोष काय?

तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस, हे ते चौघे. इथे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. वारा, जहाज, बंदर, एवढंच काय रोज सकाळी चुकणारी लोकल, हे सगळं दैवी योजनेच्या कक्षेत येतं. पूर्वनियोजन हा त्या योजनेचा एक भाग, फक्त तारणापुरता. तेराव्या शतकातला कॅथलिक ईशज्ञानी थॉमस अक्विनास याने अशीच मांडणी केली आहे. हे दोन्ही एकच समजलं की माणूस प्रत्येक अपघातात आपल्या निवडीची किंवा नाकारलं जाण्याची खूण शोधू लागतो आणि झिजत जातो.

दोषाचं उत्तर प्रेषितांची कृत्ये ४:२७-२८ मध्ये आहे. हेरोद आणि पिलात यांनी येशूविरुद्ध जे केलं ते देवाच्या हाताने आधीच नेमलेलं होतं असं तिथे म्हटलंय, क्रियापदही वर सांगितलेलं 'आधी नेमणं' हेच, सहापैकी एक. पण म्हणून पिलात सुटत नाही. देवाची कृती आणि माणसाची कृती म्हणजे एका गाडीला दोघांनी अर्धा अर्धा लावलेला जोर नव्हे. देव आदिकारण, माणूस त्याच्या आधाराने चालणारं कारण, आणि कृती पूर्णपणे दोघांची. तिच्यातला दुष्टपणा मात्र माणसाच्या इच्छेतून येतो. त्या चौघांना मारण्याच्या ठाण्यातल्या हुकमालाही हेच लागू.

आणि त्या चौघांच्या बाजूने पाहिलं, तर त्यांना मिळालेल्या कृपेला ऑगस्टीनने शेवटपर्यंत टिकण्याचं दान असं नाव दिलं होतं. ते कमावता येत नाही, मागता येतं, असं तो म्हणतो. 'आम्हाला परीक्षेत आणू नकोस' ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ त्याच्या मते याच दानाची मागणी आहे.